टोप आणि गंज

५ एप्रिल, रविवार

वही नवी, गाव नवं आणि मूड एकदम फर्स्टक्लास! सकाळी नऊला वर्ध्याला उतरलो तर एवढं ऊन, की आमच्या पेणला भर दुपारीही पडत नाही. ऑटोवाल्याने सिंदी मेघेला आणून सोडलं. घर पाहून जीव भांड्यात पडला. वरच्या मजल्यावर माझी खोली, जिन्याच्या गॅलरीत उघडणाऱ्या खिडकीत कपाटाएवढा कूलर, मागे कडुनिंब. घरमालक महादेवराव आणि त्यांच्या पत्नी भागीरथाबाई दोघंही सत्तरीचे, मूलबाळ नाही. काकूंनी आल्याआल्या पन्हं दिलं. काका माझ्याकडे बघून हसत होते, पण चेहऱ्याकडे नाही, जरा वर. प्रवासात केस उडाले असतील म्हणून मी हात फिरवला.

मी भूमी अभिलेखमध्ये मोजणीवाला. बदलीची ऑर्डर आली तेव्हा खोलीची चिंता होती, ती दरबाराने मिटवली. दरबार म्हणजे नट चंद्रसेन यांच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथल्या चंदन नावाच्या माणसाने हा पत्ता दिला. त्याला कोणी पाहिलेलं नाही, फोटोच्या जागी चंद्रसेनच आहेत. तरी बिचाऱ्याने स्वतःहून खटपट केली. चाहता असावा तर असा!

७ एप्रिल, मंगळवार

आज फजिती. डबा ठरला नाही म्हणून भात घरीच लावायचा बेत केला आणि खाली जाऊन काकूंकडे एक टोप मागितला. त्यांच्या हातातलं सूप पडलं, गहू ओसरीभर झाले. त्यांनी आधी काकांच्या बंद खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "टोपाचं कोनं सांगतलं तुम्हाले?" मी घाबरून दोन्ही हातांनी गोल करून दाखवला, भात शिजवायचा टोप! तेव्हा कुठे हसल्या. "मंग गंज म्हना नं बाप्पा!" इकडे पातेल्याला गंज म्हणतात. हिंदीत गंज म्हणजे टक्कल आणि आमच्या दरबारात टोप म्हणजे चंद्रसेनांच्या डोक्यावरचा, नकली केसांचा. थोडक्यात, मी टोप मागितला आणि गंज मिळाला. दरबारात टाकलं तर सगळे हसून लोळले. चंदन एकटा हसला नाही. बाई नेमकं काय बोलल्या, एवढंच त्याने विचारलं.

१२ एप्रिल, रविवार

आज दरबारात महायुद्ध. चंद्रसेन एकाहत्तरचे झाले. पन्नाशीत विरळ झालेले केस आता पावसाळ्यातल्या गवतासारखे दाट आहेत. आमच्यात दोन पक्ष. असलीवाले म्हणतात केस खरे, आम्ही टोपवाले म्हणतो टोप. असलीवाल्यांच्या वर्षालीने आज हुकमी पान काढलं. तिचं म्हणणं, पडद्यावर त्यांच्या डोक्यावर मागे भोवरा स्वच्छ दिसतो. केस विणता येतात, भोवरा विणता येत नाही. भोवरा केसात नसतोच, तो कातडीत असतो.

पण मी मोजणीवाला! दोन सिनेमांतली चित्रं शेजारी ठेवली. वकिलाच्या भूमिकेत भोवरा सुलट, तीन वर्षांपूर्वीच्या पोलीसपाटलाच्या भूमिकेत उलट. कोणी म्हणालं, चित्र आरशासारखं उलटलं असेल. मी दाखवलं, सदऱ्याचा खिसा डावीकडेच आहे. माणसाचा भोवरा फिरत नाही, म्हणजे टोपच. विजयाच्या भरात मी माझ्या डोक्याचा मागून फोटोही टाकला. मला दोन भोवरे आहेत, म्हणून आजी म्हणायची की याची दोन लग्नं होणार. इथे एकाचाही पत्ता नाही!

फोटोवर चंदनने बरंच विचारलं. वय किती, कोंडा आहे का, कधी डोक्याला टाके पडलेत का. मी सगळं खरंखरं सांगितलं.

१९ एप्रिल, रविवार

पारा चव्वेचाळीस. मोजणी पहाटे सुरू करून अकराला संपवतो आणि घरी येऊन कूलरपुढे झोपतो. काकू रोज दुपारी डोक्याला तेल चोळून देतात. मी आधी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "डोकं तापून राह्यलं तुमचं, थंडावा भेटन." तेल काळपट आहे, वास कडू. लावताच डोकं गार पडतं आणि मी दोन तास मेल्यासारखा झोपतो. आईनंतर इतक्या मायेने कोणी डोक्याला हात लावला नव्हता. खरंच भरून आलं.

शेजारच्या यशोदाबाईंकडून आज एक भारी बातमी कळली. महादेवराव पूर्वी नाटक मंडळ्यांसाठी दाढ्या, मिशा, टोप बनवायचे. दरबारातल्या माणसाला टोपवाल्याचंच घर मिळावं, काय नशीब! काकांना विचारलं, चंद्रसेनांसाठी कधी बनवलात का. म्हणाले, आता हात थरथरतात, कधीच सोडलं. ते चहा ओतत होते. एक थेंब बशीत सांडला नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

जिन्याच्या दारावर डोकं आपटलं. कळलंच नाही. शर्टावर रक्ताचे थेंब दिसले तेव्हा हात लावून पाहिला. चिमटा काढला, कंगवा टोचला. काहीच नाही. डोकं जणू दुसऱ्याचं. काकूंनी जखम पाहिली आणि त्यांना रडूच फुटलं. बारीक आहे, भरून येईल, असं त्या मला नाही, काकांना सांगत होत्या.

२६ एप्रिल, रविवार

राकेशच्या सलूनमध्ये दाढी करायला गेलो. मानेवरचे केस उचलून तो थांबला. "साहेब, हे कोनं आखून ठेवलं तुमच्या डोक्यावर?" मागे आरसा धरून दाखवलं. जांभळ्या पेन्सिलीची बारीक रेघ, कानामागून मानेवर, तिथून दुसऱ्या कानामागे. पुढे कपाळावर केसांच्या मुळाशी तीच रेघ. चार ठिकाणी फुल्या.

मी ही रेघ ओळखतो. रोज हेच करतो की मी. आमच्याकडे आधी नोटीस, मग मोजणी, मग हद्दीच्या खुणा, शेवटी ताबा.

काकू म्हणाल्या, मेंदी लागली असन. घरात मेंदी नाही. तेल बंद केलं. साबणाने तीनदा घासलं, रेघ जात नाही.

२७ एप्रिल, सोमवार

कडी लावून झोपलो होतो. उठलो तर उशी तेलकट. कडी आतून लावलेलीच. कूलर मात्र खिडकीपासून हातभर सरकलेला.

३ मे, रविवार

यशोदाबाईंना सहज विचारलं, माझ्याआधी खोलीत कोण होतं. तीन-चार वर्षांपूर्वी सावंगीला शिकणारा एक अंकित होता, त्यानंतर कोणी नाही. पुढचं त्या हसत हसत बोलल्या. "लय खोडकर! उलट्या भोवऱ्याचा होता ना तो. येतो म्हने, अन् गेला तो गेलाच. चप्पलबी इथंच राह्यली त्याची." घरून माणसं आली होती, पोलीसही येऊन गेले. काही सापडलं नाही.

उलटा भोवरा.

मी वर येऊन पोलीसपाटलाचं चित्र काढलं. मोठं केलं. भोवरा केसात नसतो, कातडीत असतो. हे वाक्य वर्षालीचं, आणि मी तिलाच खोटं पाडून जिंकलो होतो. टोप आहे हे मीच सिद्ध केलं. कशाचा, हे विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. तीनशे माणसं त्या डोक्यावर तीन वर्षं वाद घालतायत आणि ते पोरगं —

मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, मला फार भीती वाटते आहे.

७ मे, गुरुवार

दरबारात धमाल चालू आहे. चंद्रसेनांच्या नव्या सिनेमाची घोषणा झाली, शूटिंग पुढच्या महिन्यात. कोणीतरी गमतीत विचारलं, या वेळी भोवरे किती?

चंदनने उत्तर दिलं. दोन.

मी चंदनला फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. खाली, काकांच्या बंद खोलीत, घंटी वाजली. मी फोन कापला. तीही थांबली. पुन्हा लावला. पुन्हा वाजली.

मग खालून काकांनी हाक मारली. काही पाहिजे का बेटा?

९ मे, शनिवार

कालचा दिवस दुसरी खोली शोधण्यात गेला. आज सुटलो होतो. फाटकापर्यंत बॅग नेली. ऑटो समोर उभी होती. आदल्या रात्री दार, खिडकी सगळं बंद केलं होतं, पण सकाळचा चहा — संशय येऊ नये म्हणून घेतला, घ्यायला नको होता. पाय गेले. ऑटोवाल्याला ओरडून सांगितलं, हे लोक माझं डोकं काढणार आहेत. काका शांतपणे म्हणाले, "पोराले ऊन लागलं. बरळून राह्यला." मे महिन्यात वर्ध्यात या वाक्यावर कोण शंका घेणार! ऑटोवाल्याने मला उचलून वर आणलं. यशोदाबाईंनी कांदा आणून दिला, छातीवर ठेवायला. त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला, मायेनेच. झोप बाप्पा म्हणाल्या.

मोबाइल नाही. वही गादीखाली होती म्हणून —

१० मे

दुपार. कूलर बंद केलाय. खालचं ऐकू येतं. काका काहीतरी दगडावर घासतायत. हात अजिबात थरथरत नसणार.

कोणाला ही वही मिळाली तर नवा सिनेमा पाहा. मागून पाहा. दोन भोवरे. पेणला माझ्या बहिणीला दाखवा, नंदिनीला. ती ओळखेल. लहानपणी तीच मोजायची, एक तुझा, एक माझा —

घासणं थांबलं.

जिना. दोघं आहेत.

कडी आतून आहे पण त्यांना कडी — कूलर सरकतोय.

काकू आत आल्या. रडतायत. हातात मोठा गंज. कोमट पाणी, वाफ दिसते. मला म्हणतात दुखणार नाही बेटा, अंकितलेबी नाई दुखलं —

मागे काका. डोळे मिटा म्हणतात. नोटीस, मोजणी, खुणा, आता ता

खरंच दुखत नाही. डोक्याला काहीच नाही. फक्त मानेवरून काहीतरी ओलं खाली, वहीवर, अक्षरं भिज