कडेला आडवी लिहिलेली ओळ

त्या सकाळी सडा टाकून झाला होता, गोठ्यातलं शेण काढून झालं होतं, आणि तुम्ही ओसरीत मांडीवर पाटी घेऊन पत्रं लिहीत होतात. पंचायत समितीला उभे राहिला होतात. हसनाबाद, केदारखेडा, जिथं ओळखीचा माणूस तिथं तुमच्या हातचं पत्र जाणार. छापलेलं लोक फेकतात, हातचं ठेवून घेतात, असं तुमचं म्हणणं. लिहून झालेला कागद माझ्याकडं सरकवायचात, आणि लग्नपत्रिकेला लावतात तसं मी चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट लावायची. एका कागदावर शेवटी जागा उरली नाही, तर तुम्ही तो फिरवून कडेला आडवी ओळ लिहिलीत. काय लिहिलं, म्हणून मी विचारलं. मतं मागितली, दुसरं काय, म्हणालात. वर हळद बेतानं लाव, अक्षरं झाकतात, हेही सांगितलंत. त्या निवडणुकीत तुम्ही पडलात. हळद वाया गेली.

तेव्हा मला वाचता येत नव्हतं. तुम्ही गेल्यावर शिकले, किराण्याच्या पुड्यांचे कागद गुडघ्यावर सरळ करत, अक्षराला अक्षर जोडत. आता दुपारी वाचनालयात अख्खा पेपर वाचते. पण घरात तुमच्या हातचा एक कागद नाही. घरातल्या माणसाला कोण पत्र लिहितं? मी माहेरी गेले तरी तुमचा निरोप दूधवाल्याबरोबर यायचा, की जल्दी ये.

मागच्या वर्षी हसनाबादच्या तुमच्या दोस्ताकडं लग्नाला गेले होते. त्याच्या बायकोनं मला आतल्या खोलीत नेलं आणि साडीच्या घडीतून तेच पत्र काढलं. हळदीचे डाग काळपट पडलेत. सगळं मतांचं, आणि कडेला आडवं: वहिनींची कंबर आता कशी आहे? जड उचलू नये.

"भाऊजींनी माझ्या कमरंचं इचारल्तं बघा," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी जन्मात इचारलं न्हाई."

"मत पाह्यजे होतं, म्हणून इचारलं," मी म्हणाले.

"असू द्या. इचारलं तर खरं."

माझी कंबर काय लाकडाची होती? त्या वर्षी विहिरीवरून दोन-दोन हंडे मीच आणत होते. त्या लग्नातलं जेवण मला गोड लागलं नाही.

मग परवा पेपरात एका पत्राचा फोटो आला. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत कुण्या पुढाऱ्यानं हातानं लिहिलेलं. तेव्हा तिकडं उमेदवारानं उघड मतं मागणं हलकं समजत, म्हणून अशी पत्रं खासगीत चालायची म्हणे. आता ते काचेत ठेवलंय. इंग्रजी अक्षर मला कुठून लागणार, पण कडेला आडवं लिहिलेलं दिसलं. त्यालाही कागद पुरला नसणार. तिथं कुणाच्या तरी बायकोची चौकशी केली असणार, असं मनात आलं, आणि कुठल्या त्या मेलेल्या बाईवर माझा जीव जळला. मग माझं मलाच हसू आलं. तिचा हेवा करून काय मिळणार? हसनाबादला तर एसटी जाते.

लोकांना वाटतं, इतक्या वर्षांत हिचं दुःख निवलं. ते आहे तिथंच आहे, बराबर माझ्यासोबत उठतं. हेवा मात्र माझा मलाच नवा आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी मी हसनाबादला गेले, तिच्या ओसरीत बसून ती एक ओळ कागदावर उतरवून घेतली, आणि 'वहिनींची' तेवढं गाळलं.