शीतलच्या विमानाचे आखूड पंख

१२ एप्रिल, अकोला
शीतलचा फोन. हवाई दलाच्या ट्रेनिंगमध्ये आता वेगवान लढाऊ विमान. पुढच्या महिन्यात एकटी उडवणार. फोटो पाठवला. पंख एवढेसे! विचारलं तर म्हणते, "बाबा, पंख लहान हायत म्हनून उतरतानाही वेग लागते. हळू केलं का विमान खाली बसते."
जेवण गेलं नाही. सौ.ला काही बोललो नाही.

१५ एप्रिल
कूलरचा सीझन तोंडावर, गिऱ्हाईक दारात, आणि मी पत्र्याची विमानं कापतोय. एक फोटोसारखं. दुसरं माझ्या मनाचं, पंख दुप्पट. जन्मभर कूलर केले, आता विमानवाल्यांना अक्कल शिकवणार!

१७ एप्रिल
दोन्ही तारेला टांगून समोर कूलरचा पंखा लावला. हळू हवेत माझं झकास उचललं, तिचं लोंबतच राहिलं. छाती फुगली. मग हवा पूर्ण सोडली. तिचं वर जाऊन स्थिर. माझं थरथरलं, पंख मुडपला, तार तुटली, विमान शेजारी पंख्याच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात जाऊन पडलं.
ते म्हणाले, "भाऊ, फास्ट मोटरले मोठं पातं कधी लावतं का तू? बेरिंग खाऊन टाकते. तूच तं मले शिकवलं."
खरंच की. बरं वाटलं. पण उतरताना हवा हळूच असणार, त्याचं काय?

१८ एप्रिल
तिलाच विचारलं. उतरताना पंखाची कोर खाली वाकवता येते म्हणे. पक्कड घेऊन तिच्या विमानाच्या पंखांची मागची कोर वाकवली. हळू हवेतही उचललं! माझ्याइतकं नाही, पण उचललं.
आता सौ.ला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता, "मले तं पोरीनं मांगच्याच महिन्यात सांगतलं. बाबाले सांगू नको म्हने, जेवन सोडतीन."

१४ मे
आज एकटी. एकच स्क्रू तीनदा आवळला. अकरा वाजून गेल्यावर मेसेज: "उतरली."
अर्धवट कूलरवरच बसलो. रडलो, खोटं कशाला लिहू. सलीमभाईंनी चहा आणून ठेवला.
संध्याकाळी शीतलचा फोन, "वेग बराबर ठेवला, बाबा." दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१६ मे
आज पुन्हा उडणार आहे. मला वाटलं होतं, एकदा उतरली की झालं. दुकान उघडल्याबरोबर पत्र्याच्या विमानाची कोर खाली वाकवून ठेवली. अजून अकरा वाजायचे आहेत.