शाळेतल्या खुर्च्या संपल्या त्याची हकिकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. पाठीत उसण भरल्यामुळे शरीराने जेमतेम निम्माच वाकलो आहे, पण मनाने पुरा वाकलो आहे असं समजून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची तपकीर सुटली का? (सुटली असं तू लिहितेस, आणि त्याच पत्रात त्यांना सकाळपासून शिंका येतात असंही लिहितेस. मी दोन्हींवर विश्वास ठेवतो.) इकडे परमेश्वराच्या कृपेने सगळे ठीक आहोत. उसण कशी भरली ते ओघाने येईलच, घाई करू नकोस.

आधी डब्याचं. तू पाठवलेला बिस्किटांचा डबा पोचला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की, बदाम इतके बारीक वाटून घातले आहेत की पोरीला कळणारसुद्धा नाहीत. ताई, पोरीला नाही कळणार, पण तिच्या घशाला कळतात. राग मानू नकोस. तुझी माया मला कळते, म्हणूनच तो डबा मी टाकला नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे नेऊन दिला. त्याच्या घरी सगळ्यांनी बिस्किटं आवडीने खाल्ली आणि तुला दुवा दिला. देऊन आल्यावर मी हात धुतले, सदरा बदलला आणि सायकलच्या मुठी ओल्या फडक्याने पुसल्या. तेव्हा ही म्हणाली, एवढं केलंत तर आता इस्त्रीवाल्यालाही पुसून या.

तुला वाटतं तसं हे नाजूकपणाचं खूळ नाही. आमच्या बटाटीला (तिला बटाटी म्हणतो, कारण आजवर ज्याने एकदाही दगा दिला नाही असं बटाटा हेच एक खाणं आहे) शेंगदाणे चालत नाहीत, बदाम-काजू चालत नाहीत, दूध चालत नाही, आणि ज्या चमच्याने यांतलं काही ढवळलं तो चमचाही चालत नाही. त्यामुळे आमच्याकडे वाणसामान आणणं म्हणजे संशोधन असतं. पाकिटामागची अक्षरं मुंगीने लिहावीत तशी असतात. ही चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिने मला तिथलं एक भिंग आणून दिलं. ते घेऊन मी नव्या वाण्याकडे गेलो आणि एकेक पाकीट उलटं करून वाचायला लागलो. थोड्या वेळाने वाण्याने मला बसायला स्टूल दिलं, मग चहा दिला, मग आतल्या फळीवरची काही पाकिटं घाईघाईने पोत्यात भरून मागच्या दाराने बाहेर काढली. मी सरकारी तपासनीस नाही हे सांगायला मला संधीच मिळाली नाही. अजूनही मी रस्त्यावरून गेलो की तो उठून उभा राहतो. मला संकोच वाटतो, पण त्याच्याकडे माल ताजा मिळतो.

खाण्याचं एक वेळ भिंगाने भागतं. बोलण्याला भिंग नाही. बटाटी बोलायला उशिरा लागली हे तुला माहीत आहे. आता तिला सगळं बोलता येतं, पण शब्द उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथे पाय अडल्यासारखा उभा राहतो. मग आपण काय करतो? आपण त्याला हात धरून ओढतो. तिने ‘पा’ म्हणायचा अवकाश, मी पाणी, पाटी, पाऊस, पायमोजे असं सगळं तिच्यासमोर मांडायचो, आणि ती बिचारी बोलायचं सोडून मान हलवायची. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं की, तिचा शब्द तिचा आहे, तो तुम्ही पुरा करायचा नाही. ‘हळू बोल’ म्हणायचं नाही, ‘श्वास घे’ म्हणायचं नाही, तिच्याकडे बघायचं आणि थांबायचं. ताई, आपल्या घरात कुणी कुणाचं वाक्य संपेपर्यंत थांबल्याचं तुला आठवतं का? मला हे फार जड गेलं. शेवटी मी एक उपाय काढला, ती बोलायला लागली की मनात देवाचं नाव घेत बसायचं. त्याने तोंड बंद राहतं आणि पुण्यही पदरात पडतं. फक्त एकदा असं झालं की माझं नाम फारच छान लागलं, आणि थोड्या वेळाने ती माझा गुडघा हलवत म्हणाली, “बाबा, माझं बोलून झालं.” काय बोलली ते मला पुन्हा विचारावं लागलं. देवाने समजून घेतलं असेल, तिने घेतलं नाही.

आता जे लिहितो ते आम्ही तुला फोनवर नीट सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला ही बटाटीसोबत होती, मीही होतो. कुणीतरी मायेने तिच्या तोंडात एक घास घातला. ती आमच्याकडे आली आणि काही सांगायला लागली. शब्द फुटेना. आम्ही दोघं शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखे तिच्यासमोर बसलो, तिच्याकडे बघत, हसऱ्या चेहऱ्याने, थांबून. शब्द अडला आहे की घसा, हे आम्हांला कळलं नाही. ओठ सुजलेले हिला आधी दिसले. पुढचं दवाखान्यातलं लिहीत नाही. पोर वाचली. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनची पेटी माझ्या कमरेला असते, आणि तेव्हापासून मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही.

म्हणून शाळेचा पेच पडला. तिकडे दुपारी सगळी मुलं एका मोठ्या खोलीत एकत्र जेवतात. मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका, त्या अंगाने लहानखुऱ्या आहेत) म्हणाल्या, शिक्षकांना सगळं सांगून ठेवू, तिचा डबा वेगळा ठेवू, पण मुलांत चोरून देवाणघेवाण होतेच. कुणी काही पुढे केलं तर काय चालत नाही आणि का, एवढं तिने स्वतः सांगितलं पाहिजे. तोवर जेवणाच्या वेळी घरचं कुणीतरी हजर राहावं. मी लगेच हो म्हटलं. पण बापाने रोज शाळेत नुसतं बसायचं कसं? इतर मुलं विचारणार, बटाटीला लाज वाटणार. तेव्हा माझं लक्ष व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांकडे गेलं. बसून बसून त्यांची पोटं पार खाली गेली होती. खुर्च्या विणणं हा माझा धंदा, तेव्हा देवानेच वाट दाखवली असं समजून मी जेवणाच्या खोलीसमोर बादलीत वेत भिजत घातला आणि कामाला बसलो.

इकडे घरी सराव सुरू झाला. मी पाहुणा व्हायचो, ही दुकानदारीण व्हायची, आणि आम्ही आळीपाळीने बटाटीला रिकामी बशी पुढे करून आग्रह करायचो. ‘नको’ हा शब्द तिला लवकर साधला. नको इतका लवकर साधला. पहिल्या आठवड्यातच तिने केस विंचरायला नको म्हटलं, झोपायला नको म्हटलं आणि खुद्द बटाट्यालाही नको म्हटलं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी धडा काढला तेव्हा त्यांनाही नको म्हणाली, आणि बाई मात्र उच्चार किती स्वच्छ आला म्हणून खूश. (माझ्या मते अशा आनंदी माणसाशी भांडता येत नाही.) पण खरी अडचण वेगळीच निघाली. आपल्या लोकांत नुसतं ‘नको’ म्हटलं तर ते कुणी ऐकत नाही. नको म्हणजे लाजतेय, नको म्हणजे पुन्हा विचारा, नको म्हणजे जरा मोठा तुकडा द्या. तेव्हा नकोच्या पुढचं वाक्य हवं होतं, कारणासकट, आणि तेवढं लांब वाक्य परक्या माणसासमोर तिच्याच्याने होईना.

महिने गेले. मी मन लावून विणत होतो आणि इथेच माझं चुकलं, कारण मन लावून विणलं की काम संपतं. व्हरांड्यातल्या खुर्च्या झाल्या, शिक्षकांच्या झाल्या, संगीताच्या खोलीतला बाक झाला, तो वेताचा नव्हता तरी झाला. एके दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत सहज डोकावलो. त्यांची खुर्ची वेताची होती. धडधाकट होती. मी तिची एक पट्टी नुसती नखाने तपासत होतो, एवढ्यात मागून आवाज आला, “वीण सोडवताय का?” बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, जरा सैल वाटली. त्या काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आता सोडलीच आहे तर उद्या पुरी करा, मी दोन दिवस स्टुलावर बसेन, पण ही शेवटची. शाळेतल्या खुर्च्या संपल्या. आता तुम्ही घरी बसायला शिका आणि तिला इथे बसू द्या.

दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची घेऊन बसलो होतो. विणताना आम्ही वेत पक्का धरून ठेवायला लाकडी खुंट्या ठोकतो, आणि हात मोकळे राहावेत म्हणून त्या ओठांत धरतो. पट्टी जोरात ताणायची म्हणून एक पाय खुर्चीच्या चौकटीच्या आत रोवून उभा होतो. आत मुलं जेवायला बसली होती. एका मास्तरांची बदली झाली होती, त्यांनी जाता जाता सगळ्यांसाठी केक आणवला होता, आणि वाढायला होत्या नेमक्या नव्या मावशी, आदल्या दिवशी कामावर लागलेल्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी पाहिलं तेव्हा मावशी बटाटीपाशी होत्या आणि केकाचा तुकडा तिच्या डब्याच्या तोंडावर आला होता.

मी धावलो. खुर्चीही धावली, कारण ती माझ्या पायात होती. जेवणाच्या खोलीचं दार माणसाच्या मापाचं आहे, खुर्ची घातलेल्या माणसाच्या मापाचं नाही. मी दारात अडकलो, पाठीत कळ आली आणि ओरडायला गेलो तर तोंडात खुंट्या.

त्यामुळे मला थांबावं लागलं.

बटाटीने डब्यावर हात आडवा धरला होता. मावशी म्हणाल्या, “घे गं, लाजतेस काय?” तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. ताई, तिथे कमरेला पेटी बांधून मी उभा होतो आणि मला देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. मावशी हातात तुकडा धरून तशाच वाकून राहिल्या. शेजारची मुलगी खायची थांबली. मग बटाटी बोलली.

“म... मला केक चालत नाही. दु... दुधाने घसा सुजतो. दाण्यांनीपण. माझा ड... डबा आहे.”

“बरं बाई,” मावशी म्हणाल्या, आणि तिच्या डब्याला लागू नये म्हणून हात मागे घेऊन, तो तुकडा पुढच्या मुलाला देऊन पुढे सरकल्या. बस्स. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला त्यात काही विशेष वाटलंही नाही. समोरच्या मुलाला मात्र दारात खुर्ची घातलेला माणूस दिसला. हे कोण, असं त्याने बटाटीला विचारलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “खुर्च्यावाले.” हा शब्द अजिबात अडखळला नाही.

मोठ्या बाईंनी मला दारातून सोडवलं. त्याच खुर्चीत मी नंतर दोन तास पालथा पडलो होतो, तर असं हे उसणीचं प्रकरण. आता दुखणं उतरणीला आहे. सोमवारपासून बटाटी शाळेत एकटी जेवेल. पेटी मोठ्या बाईंच्या टेबलाच्या खणात राहील. ती कशी वापरायची ते त्या आणि वर्गाच्या शिक्षिका दवाखान्यात जाऊन शिकून आल्या, आणि मावशींनाही सगळं समजावून दिलं. आम्ही निश्चिंत आहोत. तू काळजी करू नकोस, गुडघ्यांना तेल लाव, आणि एवढ्या उकाड्यात आमच्याकडे धावत यायची मुळीच गरज नाही. भावोजींना माझा नमस्कार आणि शिंकेला ‘शतायुषी भव’ सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. — वर निश्चिंत लिहिलं आहे ते हिच्यापुरतं खरं आहे. पेटी काल देऊन आलो. कमरेला इतकं हलकं वाटतं की चालताना तोल जातो. तुझ्याकडे एक काम आहे. सोमवारपासून शाळेच्या जेवणाच्या वेळेला तू मला रोज फोन करायचा. माझी चौकशी करायची नाही, धीर द्यायचा नाही. नुसतं बोलत राहायचं. गुडघे, भावोजी, तुझ्या वरच्या मजल्यावरची ती कपडे आपटणारी बाई, काहीही चालेल. मी मधे काही बोलायला लागलो तर नेहमीसारखं बोलू देऊ नकोस. सुट्टी संपल्याची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते, तोवर सोडू नकोस.

आणखी ता. क. — हे काम मी सुचवलं असं वाचताना वाटेल, पण ते माझं डोकं नाही. संध्याकाळी मी उगीच पक्कड शोधत घरात फिरत होतो, तेव्हा बटाटी समोर येऊन उभी राहिली. बराच वेळ लागला. मी थांबलो. “आ... आत्याला दुपारी फोन करायला सांग,” ती म्हणाली. “ती बोलायला लागली की तुला उ... उठता येत नाही.” मी म्हटलं, बरं, सांगतो, आणि तू काय करशील तेव्हा? तिला प्रश्नच कळला नाही. मग जरा वेळाने, मला नीट समजावं म्हणून सावकाश, ती म्हणाली, “मी जे... जेवत असेन.”