उजव्या कोपऱ्यातली ज्वारी

४ नोव्हेंबर, सोमवार

खिडकी गेली. न्हाऊन आले तर पूर्वेच्या खोलीत अंधार. ह्यांनी सासूबाईंच्या दोन वाकळा खिडकीवर खिळे मारून ठोकल्या आहेत. "काचेवर आवाज आपटतो अन् फुटतो," म्हणाले.

लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हापासून सकाळचा चहा मी त्या खिडकीत घेत आले. आज ओट्याला टेकून घेतला.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी कशातच मन घातलं नव्हतं. दसऱ्याला पुण्याहून कमरेएवढे दोन स्पीकर आले, अॅम्प्लिफायर आला, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आलं. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. माणूस गुंतला म्हणून. आता मीच गुंतले आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर टाळ्या. हे खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात उभे राहून टाळी वाजवतात आणि ऐकतात. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब — टाळी विहिरीत मारल्यासारखी घुमते. मग फरशीवर जमखाना आला, भिंतीवर सोलापुरी चादरी आल्या.

खोलीच्या मधोमध एकच खुर्ची. ती माझी. दोन्ही स्पीकरपासून सुतळीनं मोजून ठेवलेली. मी बसायचं, हे स्पीकर हलवणार आणि विचारणार, "आता?" शाळेत सिस्टर म्हणायच्या, हिचा कान हीच हिची इस्टेट. ते मी लग्नानंतर कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं ह्यांना. त्याचं हे फळ!

"आता?"
"उजवीकडून कमी येतंय."
"मलाबी तसंच वाटतंय."

पुन्हा सरकवलं. पुन्हा कमी.

९ नोव्हेंबर, शनिवार

मर्सीचा फोन. शाळा सुटल्यापासून सोलापूर न सोडलेली माझी एकमेव मैत्रीण. कॉन्व्हेंटच्या जुन्या मुली (मुली! सगळ्यांचे गुडघे गेलेले) नाताळच्या आधीच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये गाणार आहेत. दर शनिवारी दुपारी तालीम. "खालचा सूर धरायला कुणीच नाही, प्रिया. सगळ्यांना वर चढायचंय." अजून तशीच बोलते.

तो हॉल. लाकडी जमीन, पॉलिशचा वास. मी दुसऱ्या रांगेत, युनिफॉर्मच्या आत लिंगायताच्या पोरीचं गळ्यातलं इष्टलिंग, आणि तोंडात येशूची गाणी. आईला कधी त्यात वावगं वाटलं नाही. "देवाचंच म्हणतीस न्हवं?" एवढंच विचारायची.

ह्यांना सांगितलं. नाही म्हणाले नाहीत. नाही कधीच म्हणत नाहीत. "खोली जुळू दे, मग जा. अर्ध्यावर टाकून कुठं जातीस?"

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चोर सापडला. उजव्या कोपऱ्यात वर्षाच्या ज्वारीची पोती रचलेली आहेत, दरवर्षी तिथंच असतात. "ज्वारी आवाज खाती," हे म्हणाले. असेल. आमच्या भाकरीआधी तिनं ह्यांच्या गाण्याला तोंड लावलं म्हणायचं.

कामाला येणारी कडूबाई भांडी टाकून मदतीला आली. पोती ओढून ओढून डाव्या कोपऱ्यात नेली. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "साहेब रिटायर झाले तरी बदल्या करायचं सोडीनात. आता पोत्यांच्या बदल्या."

हे हसले. पुष्कळ दिवसांनी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ज्वारी डावीकडे, तरी कमी उजवीकडूनच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पोती परत उजवीकडे. आता नवा नियम — पोतं उघडायचं नाही. एक पोतं रिकामं झालं तर खोली बदलेल, सगळं पहिल्यापासून. म्हणून ज्वारीचं पीठ दुकानातून आणलं. भाकरी फाटत होत्या, शिळ्या पिठाच्या फाटतातच.

कडूबाई: "घरात पोत्यानं ज्वारी अन् पीठ इकत! गावात सांगितलं तर मलाच येडी म्हणतील, वैनी."

मी म्हटलं, "सांगू नकोस."
"सांगून झालं की."

१६ नोव्हेंबर, शनिवार

तालमीला गेले नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचा पुतण्या सिद्धलिंग मुरूमहून आला, तिथं शाळेवर आहे. हौसेनं रेकॉर्ड लावली. तो पलंगावर टेकला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "काका, उजवीकडचा लई बोंबलतोय की हो."

"तू पलंगावर बसलास. तिथं तसंच येणार."
"मग खुर्चीवर बसून बघू का?"
"ती काकूची हाय."

पोरगं अर्धवट उठलेलं तसंच खाली बसलं. मला लाज वाटली. बसू दिलं असतं तर काय खुर्ची झिजली असती? जाताना हे त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ तिथंच बोलत राहिले. सिद्धलिंग आत येऊन माझ्या पाया पडला. जाताना तो कधी पाया पडत नाही, गाडी चालू करून हात हलवतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मर्सीशी इतका वेळ बोलले की डावा कान तापला. "तुझी जागा रिकामी ठेवलीय. पण लोक विचारतात, प्रिया." सूर तिनं मोबाइलवर पाठवलेत. पाठ झालेत माझे. भाकरी थापताना म्हणते.

तिला काय सांगू? की नवरा मारत नाही, ओरडत नाही, पैशाला अडवत नाही, दार उघडं आहे, आणि मी जाऊ शकत नाही? हसेल ती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज दुपारभर खुर्चीत. दार लावलेलं, खिडकीला वाकळा, भिंतींना चादरी. इतकी मुकी खोली मी कधी पाहिली नव्हती. रस्त्यावरची भाजीवाली, सोलापूरकडं जाणारे ट्रक, शेजारच्या सुनेचं कपडे आपटणं — सगळं बाहेर राहिलं. रेकॉर्ड थांबली की स्वतःचा श्वास ऐकू येतो. पोत्यांतून ज्वारीतले सोंडे बाहेर पडून जमखान्यावर चालत होते. त्यांच्याकडे बघत बसले. त्यांना तरी वाट सापडत होती.

"आता?"
"कमी आहे हो."

हे गुडघ्यावर बसून स्पीकरखालचा स्क्रू पिळत होते. मान खाली. मानेवरचे केस पांढरे, भुरभुरे. मला एकदम माया आली, आणि मायेचाच राग आला. ह्यांनी नुसतं आडमुठं व्हावं. मग सोपं जाईल.

३० नोव्हेंबर, शनिवार

विचारलंच. "खोली कधी जुळणार?"
"जुळंल की."
"दुसऱ्या कुणाच्या घरी खोली जुळवावी लागते का? लोक रेडिओ लावतात आणि ऐकतात."
ह्यांनी पुसायचं फडकं उचललं.
"मी सोलापूरला जायला तुम्हाला नको आहे. तेवढं सरळ म्हणा."

स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिले. मग म्हणाले, "जेवून घेऊ."

जेवलो. दुकानच्या पिठाची भाकरी.

७ डिसेंबर, शनिवार

स्टँडपर्यंत गेले. सोलापूरची गाडी लागलेली होती, जागाही होती. येताना कोथिंबीर आणली.

११ डिसेंबर, बुधवार

आज खोटं बोलले. चार सुरांसाठी.

हे अॅम्प्लिफायरजवळ उभे होते, हात बटणावर. "आता?" मी डोळे मिटले, जरा वेळ घेतला, आणि म्हणाले, "जुळलं. दोन्हीकडून सारखं येतंय."

डोळे उघडले तर हे माझ्याकडेच बघत होते. चोरी पकडल्यासारखं नाही, दुसरंच काहीतरी. मला वाटलं, आता विचारतील, नक्की का? विचारलं नाही. बटण हळूच बंद केलं.

"बरं. मग जा शनिवारी."

एवढ्यावर सुटका होती तर मी इतके शनिवार का घालवले? पेटीतून निळी साडी काढली. दिवसभर गुणगुणत होते. कडूबाई म्हणाली, "माहेरी निघाल्यावानी दिसतायसा."

खरं तर जीव थाऱ्यावर नाही. ह्यांनी पंधरा वेळा सरकवलेली ती खोली, आणि मी एका वाक्यात तिला पास करून टाकली.

१४ डिसेंबर, शनिवार

तालमीत माझ्या उजवीकडे एक पंजाबी बाई होत्या. त्या गातच नाहीत, नुसते ओठ हलवतात, असं मी मर्सीला हळूच सांगितलं. मर्सी माझ्याकडे बघत राहिली. "प्रिया, सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच आहे."

मी डाव्या कानात बोट घातलं. हॉल बंद झाला.

घरी आले. हे ओट्यापाशी चहा करत होते.

"तुम्हाला माहीत होतं."
"नागपंचमीपासून. उजवीकडनं हाक मारली तर तुला ऐकू येईना."
"मग डॉक्टरकडे न्यायचं. खोली कशाला हलवत बसलात?"
"नेणारच होतो. रोज उद्यावर गेलं. कान हीच इस्टेट म्हणतीस. अन् तिथं चार बायकांत कळलं असतं तुला."
"तिथंच कळलं."

चहा उतू गेला. दोघांनीही गॅस बंद केला नाही. मग ह्यांनी केला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "पुढच्या शनिवारी रांगेच्या उजव्या टोकाला उभी राहा. सगळ्याजणी डावीकडं येतील."