पाल्यावरचे ठिपके

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण काल चांगलीच तोंडावर आपटले मी. माझ्या उपाहारगृहात मोठ्या पार्टीचं जेवण होतं. सकाळी तुझ्या लेट्यूसचा डबा उघडला, तर पानापानावर तपकिरी ठिपके, गंज चढल्यासारखे. परवाच तर गाडीने आलेला माल! अर्धाअधिक पाला केरात गेला, आणि उरलेल्यातलं एक डागाळलेलं पान गेलं नेमकं यजमानबाईंच्या ताटात. त्यांनी ते काट्याने उचलून सगळ्यांना दाखवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पाला धुऊन, पाणी पुरतं निथळून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवते. माझ्याकडून कसूर नाही. तूच आदल्या दिवशी कापून ठेवतेस का गं? वय झालं, पहाटे उठवत नाही, असं असेल तर सरळ सांग ना.

पेटीत पाल्याखाली घातलेली तुझ्या झाडाची सफरचंदं तुझ्या भाचीला पोचली. उरलेली तिने हट्टाने ठेवायला लावली, म्हणून पाल्याच्या डब्यातच ठेवते, गार राहतात.

लोभ आहेच, माल तेवढा ताजा असू दे.

तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. अगं, उजाडताना, पानं गार असतानाच कापते मी. ऊन लागू देत नाही, पेटीला ओलं गोणपाट लावते. तुझ्या भावजींनी वाफ्यात वाकून वाकून पाहिलं, त्यांना रोगही दिसेना. पण कुठेतरी चुकतंय माझं, एवढं खरं.

गाडीवाला त्या दिवशी तुझ्याकडे रिकामी पेटी न्यायला आला होता ना, तो सांगत होता, की तू पाहुण्यांसमोर म्हणालीस, बहिणीचा माल आहे, भिडेपोटी घ्यावा लागतो. तू असं म्हणायची नाहीस. मी त्यालाच झापलं. उगाच काड्या घालतो मेला.

पण चारचौघांत तुझी शोभा झाली ती माझ्यामुळे, याची फार लाज वाटते. ही शेवटची पेटी. उरलेला वाफा उपटून कोंबड्यांना घालणार आहे. सफरचंदं ठेवायला या वेळी हात धजला नाही. कोणत्या तोंडाने ठेवू? छोटीला सांग, मावशी विसरली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाफा उपटला असशील तर मला शिव्या दे, नसशील तर हात आवर.

तुझी पेटी येऊन आठवडा झाला. पाला अजून कुरकुरीत, डाग औषधालाही नाही. ठेवला होता नेहमीसारखाच, त्यामुळे मी चक्रावले. तेवढ्यात तुझी लाडकी भाची कुरकुरली, की मावशी सफरचंदं कशी काय विसरली. मी डबा पुन्हा उघडून पाहिला. या पेटीत सफरचंदं नव्हती, ताई! पिकल्या सफरचंदातून वायू सुटतो, शेजारी लेट्यूस ठेवलं की त्यावर असेच ठिपके पडतात. हे मला स्वयंपाकाच्या शाळेत सुरुवातीलाच शिकवलं होतं. मी हाताखालच्या पोरींना शिकवते. आणि तू प्रेमाने पाठवलेली सफरचंदं मी माझ्या हाताने पाल्याला चिकटून मांडत होते. तुला बिचारीला कोण सांगणार होतं? माझं तर कामच ते.

दुसरं. गाडीवाला खोटं बोलला नाही. म्हणाले होते मी. त्या बाईंनी पान वर धरलं, सगळे हसले, आणि स्वतःची अब्रू झाकायला मी तुझी पुढे केली. तू माझी बाजू घेऊन त्याला झापलंस, हे वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं. त्या जेवणाच्या दिवशीही इतकी लाज वाटली नव्हती.

काल त्या बाईंकडे जाऊन दारातच सांगून आले, की चूक माझ्या डब्यात होती, बहिणीच्या वाफ्यात नव्हती. त्या म्हणाल्या, की आपण तर केव्हाच विसरलो. मला कसलं विसरता येतंय!

रविवारी उपाहारगृह बंद ठेवून येते. घरात घेशील ना?

तोंड लपवायला जागा शोधणारी,
तुझी धाकटी

२४ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

वाफा उपटून झाला होता. कोंबड्यांची चैन झाली, आणि मी मागच्या पायरीवर बसून रडले. तुझं पत्र वाचून पुन्हा रडले, मग चिडले. ‘भिडेपोटी’ हा शब्द फार लागला गं. अजून टोचतो. जाईल हळूहळू.

गाडीवाल्याची माफी माझी मागून झाली, आता तूही माग. रविवारी त्याच्याच गाडीने ये, म्हणजे टाळता यायचं नाही. बी आणलंय, पण पेरलेलं नाही. वाफा तुझ्यासाठी तसाच ठेवलाय. पेरायचं तू, मी पायरीवर बसून चुका काढणार.

छोटीला आण. आणि सफरचंदांसाठी वेगळी पिशवी आण.

लोभ होता तेवढाच आहे.

ताई