पालखीच्या मोरांचं यंत्र

पार्से, पेडणे
१४ जुलै २०२४

चि. सौ. भाग्यलक्ष्मी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

कानातलं यंत्र तू पुन्हा कपाटात ठेवलंस असं कृष्णनाथरावांकडून कळलं. म्हणजे फोनवर मी ओरडायचं आणि तू नुसतं हो हो म्हणायचं. त्यापेक्षा पत्र बरं. अक्षर वाकडं दिसेल, समजून घे. हात आता पेनलाही जुमानत नाही.

म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की थरथर राहणार, गोळ्यांनी थोडी दबेल एवढंच. पटाशी धरली की लाकडाआधी माझा अंगठा सोलला जातो. आणि देवळातल्या पालखीचे चार मोर तसेच राहिलेत. जुने वाळवीने खाल्ले तेव्हा देवीपुढे गावाचं गाऱ्हाणं घालणं चालू असताना, भरल्या देवळात, मी देवीला शब्द दिला की नवे मोर मीच करून देईन. आपल्या बाबांनी केले होते, मग आता दुसरा कोण करणार? म्हणून हे यंत्र बांधायला घेतलंय. गौरवी कॉम्प्युटरवर मोर काढणार, मोटरी त्या रेघांवरून पातं फिरवणार आणि लाकूड कोरलं जाणार. पोर तुये गावच्या कारखान्यातून दमून येते आणि माझ्या वायरी जोडत बसते.

सांगाडा मी फणसाच्या लाकडाचा केला. ती म्हणत होती की बाबा, लोखंड घ्या. मी म्हटलं, सुताराच्या घरात आणि लोखंडाचा सांगाडा? लोक हसतील. मे महिन्यात यंत्र झकास सरकत होतं. आता पावसाळी हवेत फणस फुगला आणि पातं धरणारा गाडा मध्येच अडकतो. काल त्याला गोल काढायला लावला, तर त्याने अंडं काढलं.

सगळं उकलून ठेवलंय. पुन्हा जोडायचं अंगात त्राण नाही. तुम्हा दोघांची आठवण रोज निघते, तेवढी तिकडेही निघू दे.

तुझा भाऊ,
शिवदास

कारापूर
२ ऑगस्ट २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अंड्याचं वाचून हे इतके हसले की बशीतला चहा लुंगीवर सांडला. मी नाही हसले. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलास की पावसात दारं तासून घेऊ नका, लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात आपोआप बसेल. आणि स्वतःच्या घरात? दिव्याखाली अंधार तो हाच.

यांची उभी नोकरी खाणीच्या वर्कशॉपात गेली, तेव्हा लोखंडाचं तू यांच्यावर सोड. डिचोलीच्या एका ओळखीच्या माणसाकडून चॅनेल कापून, भोकं पाडून घेतायत. टेम्पो तिकडे येणार असेल त्या दिवशी पाठवू. यांचे गुडघे इतके दुखतात की वर्कशॉपची पायरी चढतानाही कुणाचा तरी खांदा लागतो, तरी स्वतः जाऊन उभे राहतात. आपल्या दोन्ही घरांत आता धड कोणीच उरलं नाही.

वहिनी गेल्यापासून तू पोदेराच्या पावावर आणि चहावर दिवस काढतोस, असं गौरवीने मला लिहिलंय. तिला रागावू नकोस. आणि एक सांग, देवळातलं कोणी तगादा लावलाय का? नसेल तर एवढी घाई कशाची?

पोरीला पापा. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे, तीच सांभाळ.

तुझी,
भाग्यलक्ष्मी

पार्से
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस अ. उ. आ.

लोखंड उत्तम बसलं. कृष्णनाथरावांना माझा नमस्कार सांग. गुण्या लावून कोपरे जुळवण्यात सगळी दिवाळी गेली, पण आता गोल म्हणजे गोलच येतो. आंब्याच्या फळीवर एक मोर कोरून पाहिला. पिसाऱ्याचा डोळान् डोळा सुटा आला. गौरवी टाळ्या पिटत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, नुसता खाली बसलो.

तगादा कोणाचाच नव्हता. पण मोर देवळात नेऊन दाखवला तेव्हा देवळाच्या कमिटीतला संदीप म्हणाला की शब्द हातांचा होता, यंत्राचा मोर देवीला चालेल का ते विचारायला हवं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सोमवारी कौल लावला. जयराम भटांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, मी प्रश्न घातला. उजवी पडली तर होकार. बराच वेळ काहीच हललं नाही, आणि मग पडली ती डावी.

त्या दिवसापासून यंत्रावर चादर घातलीय. पुढे काय करायचं ते सुचत नाही, बाय. हात गेले, आता हेही गेलं. देवीला दिलेला शब्द तसाच ठेवून मरायचं का?

तिथून का होईना, धीर देत राहा.

शिवदास

कारापूर
५ डिसेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. मरायच्या गोष्टी मला लिहायच्या नाहीत, आधीच सांगून ठेवते.

देवीने नको म्हटलं म्हणून रुसून बसायला ती काय तुझं गिऱ्हाईक आहे? तू तिला यंत्राचं विचारलंस, तिने यंत्राचं उत्तर दिलं. स्वतःचं कधी विचारलंस? दादा, तू दमलायस. तुझ्या प्रत्येक ओळीत मला ते दिसतं. तुला ते सोडून सगळं लिहिता येतं. बाबा शेवटपर्यंत असेच गप्प राहिले, आणि आपण त्यांना कणखर म्हणत राहिलो. मला तुझ्याविषयी तसं म्हणायचं नाही. मला तू हवा आहेस, मोर नसले तरी चालतील.

पुन्हा जा. नारळ ठेव आणि खरं आहे तेवढंच विचार. मग रागाव माझ्यावर हवं तर. तुझा राग मी लहानपणापासून पचवलाय.

भाग्यलक्ष्मी

पार्से
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. गौरवीला बाहेरच थांबवलं. देवीसमोर नारळ ठेवला आणि म्हटलं, आई, माझ्याने आता होत नाही, दिल्या शब्दातून मला सोडशील का? एवढं बोलायला किती वेळ गेला ते जयराम भटांना विचार. यंत्र बांधलं, मोडलं, पुन्हा बांधलं, ते सगळं हे एक वाक्य म्हणायला लागू नये म्हणून, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

हात जोडलेले होते तरी थरथरत होते. उजवी पाकळी लगेच पडली.

मी रडलो, बाय. सगळ्यांदेखत रडलो. भट समईची वात सारखी करत राहिले. संदीपने मला धरून मंडपात बसवलं.

मोर आता मांद्र्याचा गौरेश करणार, हाताने. चांगला पोरगा आहे, पटाशीला धार लावायलाही शिकलाय. यंत्र गौरवीने आपल्या ताब्यात घेतलंय, घरांच्या नावाच्या पाट्या कोरते. मला तिथे हात लावू देत नाही.

काल दुपारी जेवून आडवा झालो तो दिवेलागणीला उठलो. पोरीने उठवलं नाही. हात उशाशी पडून थरथरत होते, आणि मी त्यांना थांब म्हटलं नाही.

माया आहेच, ती लिहून काय वाढायची.

तुझा भाऊ,
शिवदास