चांदणीचं दावं

वाघोली, ५ नोव्हेंबर १९८३

चि. नीरजा हिस दत्तोबामामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चांदणीला तुमच्या गाडीत चढवताना घाईत दावं तिच्या गळ्यातच राहिलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये. गोठ्याची बरकत त्याच्यामागं जाते. तू शिकलेली, हसशील. हस, पण दावं पाठव. मामीनं दोन दिवस तेवढाच घोष लावलाय. लस पारखायला तुम्ही कालवडीला मुद्दाम रोग लावणार, हे तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, भाचीनं कालवड हवापालटाला नेली.

तब्येतीला जप आणि मामाला विसरू नकोस.

दत्तोबा

पुणे, ९ नोव्हेंबर

ती. मामांना नीरजाचा शि. सा. न. वि. वि.

गावातला जयसिंगदादा कामासाठी आत्ता इथे आलाय, त्याच्याबरोबर दावं पाठवते. आमच्या बंदिस्त गोठ्यातून काडीही बाहेर न्यायची नाही असा नियम आहे. पण चांदणी ठणठणीत आहे. परवा दुसऱ्यांदा तिच्या नाकात विषाणू सोडले, तरी बाई साध्या शिंकत नाहीत. रोग हमखास लावता आल्याशिवाय लस खरी की खोटी कळायची नाही. साहेबांच्या मते वाघोलीच्या गुरांना आजारी पडायचंसुद्धा वळण नाही.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली नीरजा

वाघोली, २८ नोव्हेंबर

चि. नीरजा हिस आशीर्वाद.

पत्र मिळताच ये. चारही गाई खोकतात, नाकं वाहतात, डोळे लाल झालेत. दूध आटलं. चांदणीची आई कपिला आधी बसली. तिच्याच गळ्यात मी ते दावं बांधलं होतं, पण बरकत काही आली नाही. शेजारी आपली गुरं हौदावर येऊ देत नाहीत. मामी मात्र निवांत आहे. घरात डॉक्टर असताना भीती कसली, असं ती सगळ्यांना सांगते.

वाट बघतो.

दत्तोबा

पुणे, १ डिसेंबर

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

मी यायला तयार आहे, पण आधी हे वाचा आणि तरीही ये म्हणालात तर लगेच निघते. दादा दावं घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चांदणी खोकली. इतके महिने आधीच्या एकाही कालवडीला लागला नव्हता, तो रोग लागला म्हणून आम्ही पेढे वाटले. मीही खाल्ला. तिच्या लाळेनं भिजलेलं दावं तुमच्या गोठ्यात पोचलंय, हे मला तेव्हा सुचलंच नाही. या रोगावर औषध नाही, आणि लस अजून हातात नाही. फुप्फुसं तपासायची म्हणून चांदणीलाही सोमवारी मारलं.

मामा, रोग मीच घरी पाठवला. क्षमा मागायचीही लाज वाटते.

नीरजा

वाघोली, ४ डिसेंबर

चि. नीरजा हिस,

कपिला काल गेली. धाकटीनं सात महिन्यांचा गाभ टाकला. सरकारी डॉक्टर येऊन सुया टोचून गेले. उरलेल्या दोघी तग धरतील म्हणतात, मला काही तसं दिसत नाही.

तुझं पत्र चुलीत घातलं. मामी रडून म्हणते, पोरगी वेळेवर आली असती तर कपिला वाचली असती. तिला तसंच वाटू दे.

तुझ्यावर राग नाही, असं लिहायला बसलो होतो. पण आहे. म्हणून मी कळवीपर्यंत येऊ नकोस. आशीर्वाद नेहमीचेच.

दत्तोबा